ऊन व उष्णता : घरच्या घरीं करावयाचे कांहीं प्रयोग



शास्त्राचा तास म्हटला म्हणजे तुमच्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांसमोर कांचेचीं पात्रें, स्पिरिटचा दिवा आणि कुलूप लावलेलें कपाट उभें राहतें. त्या कपाटाची किल्ली शिक्षकांजवळ असते. म्हणून शास्त्रहि शिक्षकांजवळच असतें, अशी एक समजूत नकळत मनांत घर करते. ही समजूत खोटी आहे, हें दाखविण्यासाठीं आजचा हा लेख आहे. रत्नागिरीच्या कोणत्याहि घराच्या अंगणांत पावसाळा सरल्यापासून मे महिन्याच्या अखेरपर्यंत जें ऊन पडतें, त्यास कुलूप नाहीं व त्याचें मोलहि द्यावें लागत नाहीं. एक सरळ काठी, दोन रिकामे डबे, दोन बशा, मूठभर वाळू, आरशाचा एक तुकडा व एक थर्मामीटर एवढी सामग्री जमली कीं प्रयोगशाळा सिद्ध झाली.

थर्मामीटर मात्र तापाचा नसावा. तो ४२ अंशांच्या पुढें मोजण्यासाठीं केलेलाच नसतो. गरम पाण्यांत बुडविला तर फुटतो, आणि तो पाऱ्याचा असल्यास विषारी पारा घरभर पसरतो. शून्यापासून शंभर अंशांपर्यंत खुणा असलेला साधा थर्मामीटर घ्यावा. तोहि न मिळाल्यास हातास काय जाणवलें तें लिहावें. पुष्कळशा प्रयोगांस तेवढें पुरतें.

आधीं सावधगिरी

प्रयोगांपूर्वीं दोन नियम सांगतों. ते मोडावयाचे असतील तर पुढील पानें वाचूंच नयेत.

पहिला नियम असा कीं, सूर्याकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये. भिंगांतून वा दुर्बिणींतून तर कदापि पाहूं नये. आपल्या डोळ्यांत एक भिंग आहे, आणि तें सूर्याची प्रतिमा डोळ्याच्या मागील पडद्यावर एकवटतें. त्या पडद्यास वेदना जाणवत नाहींत. बोटास चटका बसला तर हात आपोआप मागें येतो. परंतु डोळ्याचा पडदा भाजत असतां मनुष्यास कांहींच कळत नाहीं, आणि कळतें तेव्हां नजरेच्या मध्यभागीं कायमचा डाग पडलेला असतो. काजळी धरलेली कांच, क्ष-किरणांची फिल्म, ताटांतील पाण्यांत पडलेलें प्रतिबिंब, हे ग्रहण पाहण्याचे जुने उपाय सुरक्षित नाहींत. ग्रहण पाहावयाचें असेल तर पुठ्ठ्यास बारीक छिद्र पाडून त्यांतून पडणारी सूर्याची प्रतिमा भिंतीवर वा कागदावर पाहावी. झाडाखालीं पानांच्या फटींतून जमिनीवर जे वाटोळे कवडसे पडतात, त्या सूर्याच्या प्रतिमाच होत. ग्रहणाच्या दिवशीं त्या चंद्रकोरीसारख्या होतात.

दुसरा नियम भिंगाचा. बहिर्गोल भिंग उन्हांत सोडून जाऊं नये. आपल्याकडे सड्यावरचें गवत मार्च-एप्रिलांत वाळून कोळ झालेलें असतें, आणि जवळच कलमांच्या बागा असतात. विसरलेल्या एका भिंगानें किती जणांचें वर्षाचें पीक धोक्यांत येईल याचा विचार करा. भिंगाचा वा आरशाचा प्रयोग वडील माणूस जवळ असतांनाच करावा.

प्रयोग पहिला : काठीची सावली

सपाट अंगणांत एक मीटर लांबीची काठी ओळंब्यानें सरळ उभी करा. सकाळीं अकरापासून दर दहा मिनिटांनीं सावलीच्या टोंकास एकेक खडा ठेवा. सावली आंखूड होत होत एका क्षणीं सर्वांत लहान होईल आणि मग पुन्हां वाढूं लागेल. सर्वांत लहान सावलीची रेघ म्हणजे तुमच्या अंगणांतील खरी दक्षिणोत्तर रेषा, आणि तो क्षण म्हणजे तुमचा खरा मध्यान्ह.

आतां घड्याळ पाहा. बारा वाजून गेलेले असतील! बहुतेक मुलें येथें गोंधळतात व घड्याळ चुकलें असें समजतात. घड्याळ बरोबर आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐशीं अंश पूर्व रेखांशाची आहे, आणि रत्नागिरी सव्वात्र्याहत्तर अंशांच्या जवळपास आहे. पृथ्वीस एक अंश फिरावयास चार मिनिटें लागतात. या हिशेबानें आपला मध्यान्ह बारानंतर सुमारें ३७ मिनिटांनीं यावयास पाहिजे. परंतु तोहि वर्षभर एकाच वेळीं येत नाहीं. फेब्रुवारीच्या मध्यास तो १२ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास येतो, तर नोव्हेंबरच्या आरंभीं १२ वाजून २० मिनिटांच्या सुमारासच येतो. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाहीं आणि तिचा आंस कललेला आहे, या दोन कारणांनीं हा फरक पडतो. एका काठीनें व कांहीं खड्यांनीं एवढें कळतें, हें लक्षांत घ्या.

हाच प्रयोग वर्षभर महिन्यांतून एकदां करा. २२ डिसेंबरच्या सुमारास एक मीटर काठीची मध्यान्हसावली सुमारें ८५ सेंटिमीटर भरेल व ती उत्तरेस पडेल. पुढें ती दिवसेंदिवस घटेल, आणि मे महिन्याच्या ८ तारखेच्या सुमारास मध्यान्हीं ती काठीच्या बुंध्याशींच नाहींशी होईल. रत्नागिरीचा अक्षांश सुमारें १७ अंश उत्तर आहे, आणि त्या दिवशीं सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. त्यानंतर मौज अशी कीं, मध्यान्हसावली दक्षिणेस पडूं लागते. २१ जूनच्या सुमारास ती दक्षिणेकडे सुमारें ११ सेंटिमीटर असते. ऑगस्टच्या ४-५ तारखेस सूर्य पुन्हां डोक्यावर येतो. परंतु तेव्हां आपल्याकडे ढगांमुळें तो क्वचितच दिसतो. दिल्लीच्या मुलांस हा बिनसावलीचा दिवस कधींच पाहावयास मिळत नाहीं, कारण तें शहर कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे.

सावलीचा उष्णतेशीं काय संबंध? रात्रीं विजेरीचा झोत कागदावर सरळ वरून पाडा. लहानसें तेजस्वी वर्तुळ दिसेल. आतां विजेरी तिरकी करा. वर्तुळ लांबट व फिकें होईल. प्रकाश तितकाच, पण तो अधिक जागेवर वांटला गेला. डिसेंबरांतल्या मध्यान्हीं एक चौरस फूट रुंदीचा किरणांचा झोत आपल्या अंगणांतील सुमारें सव्वा चौरस फुटाहून थोड्या अधिक जमिनीवर पसरतो. मे महिन्यांत तो जवळजवळ एकाच चौरस फुटावर पडतो. शिवाय डिसेंबरांत दिवस सुमारें ११ तासांचा, तर जूनमध्यें १३ तासांहून थोडा मोठा असतो. थंडीचें व उन्हाळ्याचें मुख्य कारण हेंच. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेल्यानें उन्हाळा होतो असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ती सूर्यास सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभीं, म्हणजे आपल्या थंडीच्या दिवसांत.

प्रयोग दुसरा : काळा डबा व पांढरा डबा

एकाच मापाचे दोन पत्र्याचे डबे घ्या. एकास बाहेरून दिव्याची काजळी लावा, दुसऱ्यास चुना द्या. दोहोंत सारखेंच पाणी घाला, झांकणें लावा, आणि उन्हांत ठेवून दर पंधरा मिनिटांनीं पाण्याचें तापमान लिहा. काळा रंग आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश गिळतो व त्याची उष्णता करतो. पांढरा त्यांतील पुष्कळसा परत फेंकतो. म्हणून काळ्या डब्यांतील पाणी अधिक तापावें, असें पुस्तकांत लिहिलेलें असतें.

या प्रयोगाबद्दल मला एक गोष्ट कबूल करावयाची आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मीं हाच प्रयोग वर्गास घरून करून आणावयास सांगितला. दुसऱ्या दिवशीं वह्या आल्या. सर्वांनीं काळ्या डब्यांतील पाणी अधिक तापल्याचें लिहिलें होतें. एका मुलानें मात्र पांढऱ्या डब्यांतील पाणी ३ अंशांनीं अधिक तापलें असें लिहिलें होतें. मीं त्याची वही वर्गांत वाचून दाखविली. वर्ग हंसला. "पुन्हां नीट करून आण," असें म्हणून मीं त्याला खालीं बसविलें. दोन दिवसांनीं त्यानें नवे आंकडे आणले. ते अगदीं पुस्तकांतल्याप्रमाणें होते. मीं त्याला शाबासकी दिली.

महिन्याभरानें कांहीं कामानिमित्त त्याच्या घरीं जाण्याचा योग आला. बोलतां बोलतां प्रयोगाची गोष्ट निघाली, तेव्हां त्याची आई म्हणाली, "मास्तर, डबे अजून तिथंच आहेत. दुसऱ्यांदा त्यानं ते हलवलेसुद्धां नाहींत." मीं पाहिलें. काळा डबा विहिरीजवळच्या ओल्या जमिनीवर होता, आणि समुद्राकडचा वारा त्याच्यावर सरळ येत होता. पांढरा डबा जांभ्या दगडाच्या गडग्यावर, वाऱ्याच्या आडोशास होता. तो गडगा उन्हानें इतका तापलेला होता कीं त्यावर हात ठेववेना. मुलगा माझ्या मागें मान खालीं घालून उभा होता.

त्याचे पहिले आंकडे खरे होते. दुसरे खोटे होते. खऱ्यास मीं हंसूं मिळवून दिलें व खोट्यास शाबासकी दिली. म्हणजे शास्त्राच्या तासाला मीं त्याला काय शिकविलें, हें सांगावयास नको. दुसऱ्या दिवशीं मीं ही सर्व हकीकत वर्गास सांगितली, त्या मुलाची क्षमा मागितली, आणि सर्वांस विचारलें कीं, आणखी कोणीं आंकडे पुस्तकावरून लिहिले आहेत काय? प्रथम कोणी बोललें नाहीं. मग एक हात वर झाला, मग दुसरा. शेवटीं अर्ध्याहून अधिक हात वर होते.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम पाळतों : एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. डब्यांचा रंग बदलावयाचा असेल तर जमीन, वारा, पाणी, झांकण व वेळ हीं सर्व सारखीं पाहिजेत. अर्ध्या वेळानंतर डब्यांच्या जागांची अदलाबदल करावी, म्हणजे जागेचा दोष असल्यास उघडा पडतो.

या प्रयोगाचा एक उलटा भागहि आहे. गरम पाणी भरून डबे सावलींत ठेवा व कोणतें लवकर निवतें तें पाहा. काळें व पांढरें यांत फारसा फरक पडणार नाहीं, कारण काजळी व चुना दोन्ही आपली उष्णता सारख्याच सहजतेनें बाहेर टाकतात. परंतु घासून लखलखीत केलेला पितळेचा डबा आणि काजळी धरलेला तसाच डबा यांची तुलना केल्यास काजळीचा डबा आधीं निवलेला आढळेल. चकचकीत धातु उन्हास आंत येऊं देत नाहीं, तशीच उष्णतेस बाहेरहि जाऊं देत नाहीं.

प्रयोग तिसरा : वाळू, पाणी व समुद्राचा वारा

दोन सारख्या बशा घ्या. एकींत भाट्याच्या किनाऱ्यावरची कोरडी वाळू व दुसरींत तितक्याच वजनाचें पाणी घाला. दोन्ही अर्धा तास सावलींत ठेवा, म्हणजे तापमान सारखें होईल. नंतर दोन्ही उन्हांत ठेवा. तासाभरांत वाळू चटके देऊं लागेल, आणि पाणी नुसतें कोमट होईल. आतां दोन्ही सावलींत आणा. वाळू झपाट्यानें निवेल, पाणी सावकाश.

याचें कारण असें कीं, एक किलो पाण्याचें तापमान एक अंशानें वाढविण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारें पांचव्या हिश्शांत एक किलो कोरड्या वाळूचें तापमान तितकें वाढतें. शिवाय समुद्राच्या पाण्यांत ऊन खोलवर शिरतें, लाटा वरचें पाणी खालीं नेतात, आणि कांहीं उष्णता वाफ होण्यांत खर्च होते. वाळूचा मात्र वरचा थरच सर्व उष्णता घेऊन बसतो. किनाऱ्यावर पाय भाजत असतां चार बोटें खोल उकरून पाहा. खालची वाळू गार लागेल.

आतां मांडवीच्या धक्क्यावर जाऊन उभे राहा. दुपारीं जमीन तापलेली असते. तिच्यावरील हवा तापून हलकी होते व वर चढते, आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरची गार हवा आंत येते. हेच खारे वारे. रात्रीं जमीन लवकर निवते, समुद्र कोमट राहतो, आणि पहांटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. शिडाच्या होड्या चालत असत त्या काळीं कोळी बांधव पहांटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरीं येत. भूगोलाच्या पुस्तकांतील जो धडा तुम्हांस पाठ करावा लागतो, तो त्यांच्या पोटापाण्याचा हिशेब होता.

मे महिन्यांत सोलापुरास पारा चाळिसाच्या वर चढतो, त्याच दिवसांत रत्नागिरींत तो बहुधा ३२ ते ३४ अंशांच्या आसपास राहतो, हीहि त्या पाण्याच्या मंदपणाचीच कृपा. मग आपला जीव का घाबरा होतो? त्याचें उत्तर पुढील प्रयोगांत आहे.

प्रयोग चौथा : ओलें फडकें

दोन सारख्या बाटल्यांत सारखें पाणी भरा. एकीस ओलें सुती फडकें गुंडाळा, दुसरी तशीच ठेवा. दोन्ही सावलींत, वाऱ्याच्या झुळुकींत टांगा व फडकें ओलें राहील असें पाहा. तासाभरानें ओल्या फडक्याची बाटली गार झालेली आढळेल. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते, आणि ती जवळच्या वस्तूंतून घेतली जाते. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलें, आणि सर्व उष्णता बाटलींतूनच घेतली गेली असें धरलें, तर शंभर ग्रॅम पाणी सुमारें सहा अंशांनीं थंड होतें. मातीच्या माठाचें रहस्य हेंच. त्याच्या अंगांतून पाझरलेलें पाणी स्वतः उडून जातें व आंतलें पाणी निववितें.

परंतु तुमचे आप्त देशावर असतील तर ते सांगतील कीं, त्यांच्या माठांतलें पाणी आपल्याहून गार असतें. माठ घडविणाऱ्या कुंभाराचा यांत कांहीं दोष नाहीं. आपल्या हवेंत आधींच इतकें बाष्प असतें कीं नवी वाफ सहज होत नाहीं. हेंच आपल्या शरीराचें. घाम नुसता येऊन भागत नाहीं. तो वाळला तरच शरीर निवतें. कोंकणांत तो वाळत नाहीं, म्हणून ३३ अंशांतहि जीव कासावीस होतो. अशा दिवशीं भर दुपारीं मैदानावर खेळणाऱ्या मुलानें तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी प्यावें. एखाद्यास घेरी येऊन अंग तापलें व तो असंबद्ध बोलूं लागला, तर त्यास ताबडतोब सावलींत न्यावें, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा व डॉक्टरांस बोलवावें. हें ज्ञान परीक्षेपुरतें नाहीं.

तुमच्या घरीं आंब्याचीं साटें, कोकमाचीं सोलें, फणसपोळी वा सुके बांगडे घातले जातात तेव्हां नीट पाहा. रस ताटांत पातळच कां पसरतात? वाळवण वाऱ्याच्या बाजूस कां ठेवतात? वाफ होण्याचें काम पृष्ठभागावर चालतें. पृष्ठभाग मोठा, थर पातळ आणि वारा खेळता असला म्हणजे पाणी लवकर जातें. पाणी गेलें कीं कुजविणाऱ्या जंतूंस जगतां येत नाहीं. हें शास्त्र आपल्या आज्यांनीं पुस्तकाशिवाय सिद्ध केलें आहे. त्यांच्याजवळ बसून त्यांस प्रश्न विचारा.

प्रयोग पांचवा : उन्हाची पेटी

एका मोठ्या खोक्यांत एक लहान खोकें ठेवा व दोहोंमधील जागा भाताच्या तुसानें भरा. लहान खोक्याच्या आंतून काळा कागद लावा. त्यांत काजळी लावलेल्या झांकणाच्या डब्यांत थोडें पाणी ठेवा, वर कांचेचें तावदान बसवा, आणि सूर्याकडे तोंड करून पेटी ठेवा. तशाच दुसऱ्या डब्यांत पाणी घालून तो बाहेर उघड्यावर ठेवा. दोन तासांनीं दोहोंचें तापमान घ्या. मेणबत्तीचा तुकडा पेटींत ठेवल्यास तो वितळतो काय तें पाहा; मेण साधारण साठ अंशांच्या आसपास वितळतें. पेटी उघडतांना हात जपा.

कांच उन्हास आंत येऊं देते. आंतील काळ्या पृष्ठभागावर त्याची उष्णता होते. ती उष्णता घेऊन तापलेली हवा कांचेमुळें बाहेर जाऊं शकत नाहीं, आणि तापलेल्या वस्तूंतून निघणारे अदृश्य उष्ण किरणहि कांचेंतून सहजासहजीं पार होत नाहींत. स्वित्झर्लंडमधील सोस्यूर या शास्त्रज्ञानें १७६७ सालीं अशाच कांचेच्या पेट्या करून पाहिल्या होत्या. आपल्या मुंबईचा इतिहासहि या बाबतींत कमी नाहीं. विल्यम ॲडम्स नांवाच्या सरकारी नोकरींतील एका इंग्रज गृहस्थानें तेथें आठ बाजूंस आरसे बसवून उन्हावर अन्न शिजविणारी चूल तयार केली, आणि उष्ण देशांत जळणाऐवजीं सूर्याची उष्णता कशी वापरावी यावर १८७८ सालीं मुंबईस एक पुस्तकच प्रसिद्ध केलें. आज घरांच्या छपरांवर पाणी तापविणारीं जीं सूर्ययंत्रें दिसतात, त्यांतील पुष्कळांचें तत्त्व तुमच्या खोक्यांतलेंच आहे.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. उन्हांत उभी केलेली बंद मोटार हीहि अशीच पेटी होय. तींत लहान मुलास वा मुक्या जनावरास क्षणभरहि ठेवूं नये.

प्रयोग सहावा : उन्हांतील रंग

खिडकींतून ऊन येत असेल तेथें परातींत पाणी घालून आरशाचा तुकडा तिरका बुडवा. आरसा थोडा थोडा हलवीत गेल्यास समोरच्या पांढऱ्या भिंतीवर इंद्रधनुष्याचे रंग उमटतील. भिंतीकडेच पाहा, आरशांत पाहूं नका.

१८०० सालीं विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें असे रंग पाडून एकेका रंगांत थर्मामीटर ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यास कांहींच दिसत नाहीं तेथें, त्यानें थर्मामीटर ठेवला तों पारा अधिकच चढला. उन्हांत न दिसणारे उष्ण किरणहि आहेत, हें त्यावरून कळलें.

याच रंगांच्या अभ्यासासाठीं नॉर्मन लॉक्यर हे इंग्रज शास्त्रज्ञ २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणास विजयदुर्गास आले होते. तेव्हां विजयदुर्ग आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत होता. आज तो सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहे. लॉक्यर यांनीं हेलियम वायूचा शोध १८६८ सालीं विजयदुर्गाच्या किल्ल्यावरूनच लावला, अशी गोष्ट आपल्याकडे मोठ्या अभिमानानें सांगतात. खरी हकीकत थोडी निराळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळीं फ्रान्सचे जान्सेन आंध्र प्रांतांतील गुंटूर येथें होते. लॉक्यर त्या वर्षीं इंग्लंडांत होते, आणि सूर्यप्रकाशांतील ती पिवळी रेघ त्यांनीं तेथूनच ऑक्टोबरांत पाहिली. विजयदुर्गास ते आले तीस वर्षांनंतर. ही दुरुस्ती केल्यानें विजयदुर्गाचा मान कमी होत नाहीं. आवडती गोष्टसुद्धां तारखा ताडून पाहावी, एवढेंच त्यांतून शिकावयाचें.

वही व पालक

प्रत्येक प्रयोगास वहींत चार ओळी पुरेत : काय केलें, काय होईल असें वाटलें होतें, काय झालें, आणि तसें कां झालें असावें. दुसरी ओळ प्रयोगापूर्वीं लिहावी व नंतर खोडूं नये. तिसरी ओळ दुसरीशीं जुळली नाहीं तर लाज वाटूं देऊं नये. उलट चौथी ओळ अधिक काळजीनें लिहावी. हर्शेलचा थर्मामीटर रंगांच्या बाहेर चढला, तेव्हां तो आंकडा त्यानें चूक म्हणून टाकून दिला असता तर काय झालें असतें?

पालकांस दोन शब्द. मुलानें एखादी बशी फोडली, तूस अंगणभर सांडलें किंवा ऐन जेवणाच्या वेळीं काठीची सावली मोजावयास धांव घेतली, तर थोडी क्षमा करावी. त्यानें "आई, हें असें कां?" असें विचारलें आणि उत्तर येत नसलें, तर "ठाऊक नाहीं, पाहूं या" असें सांगावें. हें वाक्य उच्चारण्यास आम्हां शिक्षकांसहि जड जातें. मीं तें उशिरां शिकलों.

ज्या मुलाचे खरे आंकडे मीं एकदां वर्गांत हंसण्यावारीं नेले, त्याची ती वही मीं मागून घेतली आहे. नवीन वर्गास हा प्रयोग देण्यापूर्वीं तें पान मी प्रथम उघडून वाचतों, आणि मगच विद्यार्थ्यांस म्हणतों, "डबे उन्हांत ठेवा, आणि जें दिसेल तें लिहा."